स्फटिक मोडला

फोन ठेवून आईने जिन्यातूनच शेजारणीला हाक मारली, "अहो, ऐकलंत का? लेकीचा स्फटिक मोडला!"

शेजारणीने कपाळाला हात लावला. पेशीच्या आवरणातल्या कुठल्याशा हट्टी प्रथिनाचा स्फटिक धरावा म्हणून पोरगी प्रयोगशाळेत किती वर्षं झटतेय, हे अख्ख्या इमारतीला तोंडपाठ होतं. द्रावणाच्या थेंबात मीठ बदल, साबण बदल, थंड कर, ऊब दे. प्रथिन काही मनावर घेत नव्हतं.

"अगंबाई! सगळ्या कष्टांवर पाणीच पडलं की. कसा मोडला?"

"तिनेच मोडला. सुई टेकवली आणि भुगा!"

"आणि तुम्ही हसताय?"

"अहो, आजवर थेंबात जे जे चमकलं ते सुईला बधलं नाही. टणक निघालं म्हणजे नुसतं मीठ. दर वेळी रडवेली होऊन सांगायची, 'आई, नाही गं मोडला.'" आईने डोळे टिपले आणि मान ताठ केली. "खरा प्रथिनाचा असला, तरच असा भुगा होतो. आणि त्याची भावंडं आहेत अजून त्याच थेंबात!"

शेजारणीने कठड्याला रेलून वरच्या मजल्याकडे तोंड केलं, "अहो वरच्या वहिनी, ऐकलंत का? आपल्या पोरीचा स्फटिक मोडला!"