छत्तिसावा रुपया

छत्तिसावा रुपया मुठीत घट्ट धरून जैतुनबी गुलमंडीच्या बाजाराकडं निघाली. उन्हालाच रेशमी धागे फुटल्यासारखे तिला दिसत होते. तीन सालं, दर महिन्याला निजामाचा एक हाली रुपया. आज हा दिला की गहाण टाकलेल्या मागाचा कागद हातात. मग विणलेलं हिमरूचं कापड तिचं, नक्षी तिची, कमाईही तिची.

एरवी हप्ता न्यायला कर्ज देणाऱ्या चांदपाशा सेठचा मुनीम गयास घरीच यायचा. "भाभी, नवरा गेलेली पडद्यातली बाई तुम्ही, दुकानात कशाला येता?" म्हणायचा. उंबऱ्याबाहेर, नजर खाली घालून उभा राहायचा. भला माणूस. पण काल निरोप आला, ताप भरलाय, आठ दिवसांनी येतो. आठ दिवस कोण थांबतंय! तिनं बुरखा घातला आणि निघाली.

कापडाच्या दुकानात चांदपाशा सेठ वही चाळत बसले होते. त्यांनी तिला आजवर कधी पाहिलंच नव्हतं. पैसेवाल्यांना वहीतलं पान दिसतं, माणूस दिसत नाही.

"रंगारगल्लीच्या जैतुनबीच्या खात्याचा रुपया आणलाय," ती बुरख्याआडून म्हणाली. "शेवटचा."

सेठ थबकले. "ते खातं? ते तर मिटलं, बी."

"मिटलं? कुणी भरलं?"

"कुणीच नाय. शंभराची उधारी दिली की पाच बुडणारच. कुणाचे, ते अल्लाला ठाऊक. म्हणून दर सालाखेर नफ्यातून तेवढी रक्कम बिननावाची बाजूला काढून ठेवतो. पुढं ज्याचं बुडेल, त्याचं खातं त्यातून बंद. मला नवा फटका नाय, त्याच्यामागं तगादा नाय. जैतुनबीचं तसंच केलं. गयासच म्हणाला, आता वसूल व्हायचं नाय."

जैतुनबीचे पाय जमिनीला लागेनात. गयासनंच शब्द टाकला असणार! उरलेला रुपया माफ! दुकानातली सगळी थानं एकदम हलल्यासारखी वाटली, लाल, मोरपंखी, पिस्तई. या रुपयात पोरीला बांगड्या.

"मग मागाचा कागद, सेठ?"

"तो गयासनं तवाच नेला, घरी पोचवायला."

"तवा म्हंजे कवा?"

सेठनी वहीत बोट फिरवलं, जागा सापडल्यावर टोपी नीट केली. तिच्या मुठीकडं बघत ते हळू आवाजात म्हणाले, "झाली की तीन सालं. कफनसुद्धा मीच धाडलं होतं गयासच्या हाती. लई इमानदार घराणं तुमचं. बी, तुम्ही मरहूम जैतुनबीच्या कोण?"