व्याह्याची मूळव्याध

"हळू बस रे. तो टब फुटला तर तुझ्या मापाचा दुसरा अख्ख्या बसऱ्यात मिळायचा नाही," फालिह न्हाणीघराच्या दाराबाहेरून ओरडला.

आत जासिब कण्हला. "पाणी चटके देतंय!"

"थंड नळाचं घेतलंस ना? गच्चीवरच्या टाकीत आत्ता चहा उकळेल. गिझरच्या नळाचं घे, गिझर बंद आहे, त्यातलं पाणी सावलीत गार राहतं. म्हातारा झालास, तरी दर उन्हाळ्यात तेच सांगायचं."

ऑगस्टातल्या बसऱ्यात मूळव्याध कुणा वैऱ्यालाही होऊ नये. घाम अंगातलं सगळं पाणी ओढून घेतो, कोठा दगड होतो आणि मग बसवतही नाही नि उठवतही नाही. म्हणून फालिह रोज दुपार कलली की भिजवलेले अंजीर नि भेंडीचं कालवण घेऊन यायचा. जासिबला हवा भरलेल्या ट्यूबवर बसवायचा, दटावून पाणी पाजायचा. स्वतः मात्र त्या घरात पाण्याचा थेंब घेत नसे. वीज गेलेली, ओठ सुकलेले, तरी नाही.

दोघे एकेकाळी एकाच टगबोटीवर राबलेले. पुढे व्याही झाले. मग जासिबच्या मुलानं फालिहच्या मुलीला तलाक दिला आणि दोन्ही घराण्यांनी येणं-जाणं तोडलं. रस्त्यात समोरासमोर आले तरी मान फिरवून जायचं. फक्त आजाऱ्याच्या समाचाराला कुणी कुणाला अडवू शकत नाही, मग तो वैरी का असेना. पण त्या घरचं खायचं-प्यायचं नाही.

जासिबची बायको वारलेली, मुलगा परदेशात. फालिह येऊन गेला की दुसऱ्या दिवशी तो येईपर्यंत त्या घरात माणसाचा आवाज नसे. ते एकटेपण जासिबला खायला उठायचं.

जासिब लंगडत येऊन ट्यूबवर टेकला, तेव्हा फालिह म्हणाला, "माझी पोरं कुरकुरतायत. म्हणतात, उन्हाळा संपत आला, ह्याची मूळव्याध कशी संपत नाही? उद्या डॉक्टरला आणतो. तो काय ते सांगेल."

जासिब घाईघाईनं म्हणाला, "डॉक्टर कशाला? अवघड जागेचं दुखणं."

"डॉक्टर आपला जावई तर नाही ना? मग झालं."

जावई हा शब्द निघाला तसा जासिब ट्यूबमधली हवा चाचपू लागला. फालिह रिकामं भांडं उचलून गेला.

जासिबनं दाराला कडी घातली. ट्यूब पायानं कोपऱ्यात ढकलली, उघड्या फरशीवर ऐसपैस मांडी ठोकली आणि कपाटामागची हिरव्या मिरचीच्या लोणच्याची बरणी पुढ्यात ओढली. दुखणं ईदच्या आधीच पळालं होतं. रोज तो हे लोणचं भाकरीशी बोटं चाटून खायचा. आज मात्र पहिल्याच घासानंतर त्यानं बरणीचं झाकण लावून टाकलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. पोरगेलेसे, पण चेहऱ्यावर हसू नाही. फालिह बाहेर अंगणात थांबला. डॉक्टरांनी नीट तपासलं, पुन्हा एकदा तपासलं.

"काका, इथे काहीच नाही. हे कधीच बरं झालंय."

जासिबनं त्यांचा हात घट्ट धरला. "डॉक्टरसाहेब, अल्लासाठी एवढं बाहेर सांगू नका. मी बरा आहे असं कळलं तर तो उद्यापासून यायचा नाही. त्याच्यावाचून माझ्याशी दोन शब्द बोलणारं कुणी नाही हो."

डॉक्टरांनी हात सोडवून घेतला, टॉवेलनं पुसला. मग दाराकडे बघून आवाज उतरवला.

"घाबरू नका, काका. 'तो ईदपासूनच ठणठणीत आहे, पण माझ्या पोरांना सांगा, हिवाळ्यापर्यंत काही बरा होत नाही,' असं म्हणून फालिहकाकांनी येताना गाडीतच माझ्याकडून वचन घेतलंय."