पटेल असं कारण

“कारण पटत नाही म्हणे,” लेखक दारातूनच म्हणाला. आत तो येत नसे. आईला अशा अवस्थेत त्याला बघवत नसे, आणि ज्याला बघवत नाही त्याने बघू नये, बाकीच्यांनी बघावं, अशी या घराची रीतच पडून गेली होती.

बायकोने मान वर केली नाही. सासूबाईंना कुशीवर वळवून ती मळलेली चादर बदलत होती. काम खरं तर दोघांचं. एकाने माणूस धरायचा, दुसऱ्याने चादर ओढायची. ती पलंगावर गुडघा टेकून सासूबाईंना अडवून धरी आणि मोकळ्या हातांनी जमेल तशी ओढी. अर्धांगवायूच्या झटक्यात सासूबाईंची वाचा गेली होती, उजवं अंग गेलं होतं. कान मात्र तिखट होते.

“कसलं कारण?” तिने विचारलं.

“मालिकेतल्या सुनेचं. इतके दिवस सोन्यासारखी सून दाखवली, आता चॅनेलला ती खलनायिका करून हवीय. मी इस्टेटीचं भांडण दिलं, तर म्हणे जुनं झालं. लग्नाआधीचं प्रकरण दिलं, तर म्हणे बाईचं मन बिघडलेलं दिसायला हवं, घसरलेलं नको. सासूने पूर्वी केलेला अपमान दिला. तोही पटत नाही. बरोबरच आहे, माणूस काही उगाच वाईट होत नाही. काहीतरी मोठं घडायला हवं.”

“मोठं कशाला?”

“म्हणजे?”

“सासू चांगली असू दे. कधी वाकडा शब्द न बोललेली. सूनही चांगलीच. नुसती दमलेली.”

लेखकाला गंमत वाटली. “दमून कोणी खलनायिका होतं का? दमलं तर झोपावं माणसाने.”

“झोपू दिलं तर.”

चादर ओढताना कंबरेत कळ आली, तशी ती ओठ मिटून थांबली. कालपासून एक गोष्ट तिच्या घशाशी येऊन अडकली होती. स्वतःच्या नावावर ती सांगायचा धीर होत नव्हता. सुनेच्या नावावर सांगून बघू, असं तिला वाटलं.

“सून म्हातारीला पाणी पाजत असते,” ती म्हणाली. “म्हातारीला ठसका लागतो. जीव घुसमटतो, डोळे फिरतात, चांगला हात गादीवर आपटायला लागतो. काय करायचं ते सुनेला पाठ असतं. उठवून बसवायचं, पुढे वाकवायचं, पाठीवर थापटायचं. नेहमीच करते ती. त्या दिवशी ती पेला हातात धरून नुसती उभी राहते.”

लेखकाने हातातला लॅपटॉप दाराबाहेरच्या बुटक्या कपाटावर टेकवला. “का उभी राहते?”

“काही नाही. राग नसतो तिला. आज रात्री आपल्याला झोपता येईल, एवढंच तिच्या मनात येतं.”

“मग? म्हातारी जाते?”

“नाही. ठसका आपोआप थांबतो. सून तोंड पुसते, म्हणते, सावकाश प्या हं, आई. पण म्हातारीने मघाशी तिच्याकडे बघितलेलं असतं.”

सासूबाईंचं तोंड भिंतीकडे होतं. बायकोच्या तळव्याखाली त्यांची पाठ ताठ झाली. ते कळलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी ती थांबली नाही. एवढं बोलून झाल्यावर थांबण्यात काही अर्थ नव्हता.

“त्यानंतर म्हातारी तिच्या हातचं पाणी घेत नाही. दात घट्ट मिटून घेते.”

उशाशी स्टुलावर सकाळचा पेला भरलेलाच होता. लेखकाची नजर त्यावरून फिरली आणि पुन्हा लॅपटॉपवर गेली.

“अगं, काय सांगतेस!” तो म्हणाला. “म्हातारीला कळतं, पण बोलता येत नाही! कोणाला सांगणार बिचारी? आणि पुन्हा सगळं त्याच सुनेच्या हातात! काटा आला बघ अंगावर.” त्याची बोटं भराभर चालू लागली. “इतकी वर्षं मी लिहितोय, आणि घरातच लेखिका आहे.”

“तिची आधी कोणी चौकशी केली असती ना,” बायको म्हणाली, “एखादी बाई ठेवली असती रात्रीपुरती, निदान चादर धरायला हात लावला असता, तरी ती अशी उभी राहिली नसती. अहो, तिला आता स्वतःचीच भीती वाटते. या खोलीत एकटं यायची भीती वाटते.”

“सगळे मदतीला धावले तर मालिका कशी चालणार?” लेखक हसला.

तिला रडावंसं वाटलं, पण रडायलाही अंगात थोडं त्राण लागतं. तिने सासूबाईंना उताणं केलं, उशी नीट केली, कपाळावरचे केस मागे सारले. पेला उचलून चमचाभर पाणी त्यांच्या ओठांना लावलं. ओठ उघडले नाहीत. पाणी हनुवटीवरून मानेवर ओघळलं. तिने ते पदराने टिपलं.

“हां, पुढे?” लेखकाने विचारलं. “दुसऱ्यांदा ठसका लागतो, तेव्हा काय करते ती?”

“तिलाही अजून माहीत नाही.”

“मग ठरव की लवकर,” तो म्हणाला. “सोमवारी द्यायचंय.”