भिंतीतली ऊब

रमजानातल्या रात्रीची तरावीहची नमाज सुटली तशी फेझ शहराच्या जुन्या गल्लीतून लोकांची रांग मौला इद्रीसच्या दर्ग्याकडे सरकू लागली. तिथल्या भिंतीवर तांब्याचा पत्रा होता. त्याच्या भोकात बोटं घालून मागणं मागायचं. गेल्या रमजानात बतूलने तिथेच वडिलांचं आयुष्य मागितलं होतं. ईद उजाडायच्या आत ते गेले. आज ती पत्र्यासमोर आली आणि हात उठेना. “संतावर रुसलीस होय गं?” सोबत आलेली मावशी म्हणाली, “रूस खुशाल, पण रांग अडवू नकोस.” बतूलने नाइलाजाने बोटं घातली. तांबं गार लागेल असं तिला वाटलं होतं. ते उबदार निघालं. आत्ताच गेलेल्या बाईची ऊब, तिच्याआधीच्या माणसाची, कधीतरी वडिलांचीही. मागणं राहिलंच. मागची म्हातारी खेकसली, “सगळी बरकत एकटीच नेतेस?” बतूलने हात काढला आणि म्हातारीची थरथरती बोटं भोकापर्यंत नेली.