डबल एक्सएल

"हात वर कर, मम्मी."

"नाही होत गं."

मोरपंखी ड्रेस केसरबाईंच्या खांद्यातच अडकला होता. मिनलनं जोर लावून खाली ओढला, तशी बगलेतली शिवण टर्रकन गेली.

मिनलचं डोकंच सटकलं. हा दुसरा पीस. पहिला एक्सएल मागवला होता, तो छातीत अडकला. फोनवर भांडून भांडून तो परत केला नि डबल एक्सएल घेतला. तर हा त्याच्यापेक्षा बारका! टीव्हीवरच्या शॉपिंगवाल्या बाईनं हाच ड्रेस घालून गिरकी मारली होती. सगळ्यांना बसतो म्हणाली, थोडेच पीस उरलेत म्हणाली. इथं त्याची टिकल्यांची नक्षी घडी उघडतानाच अर्धी फरशीवर सांडली होती.

रविवारी मोठ्या बहिणीचा, तनुताईचा साखरपुडा होता. पोराकडचे चिंचवडच्या मोठ्या सोसायटीतले. काळेवाडीतल्या घरी बोलणी करायला आले, तेव्हा पोराच्या आत्यानं केसरबाईंच्या विरलेल्या साडीवरून नजर खाली नेली, परत वर आणली.  मिनलनं ते बघितलं. तेव्हाच तिनं ठरवलं, साखरपुड्यात मम्मी अशी दिसली पाहिजे की ही आत्या बघत राहिली पाहिजे.

केसरबाईंनी ड्रेस काढला. मानेमागचं लेबल हात लांब करून धरलं, मग जवळ आणलं.

"काय लिहिलंय गं यावर?"

"डबल एक्सएल. एवढं मोठं दिसत नाही? चष्मा कर की आता."

"करू. साखरपुडा होऊ दे."

मिनल ड्रेस घेऊन खाली छबूबाईंकडं गेली. छबूबाई गल्लीतल्या सगळ्या बायकांचे ब्लाऊज शिवायच्या. त्यांनी टेप लावली नि हसल्या.

"अगं, हा तर मिडियम आहे. कापड बरोबर कापलंय, लेबल भलतंच लागलंय. तुझ्या आईला नाही, तुला होईल."

"मला नकोय. मला भांडायचंय."

"ते तर तुला येतंच."

मिनल वर आली आणि फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅम, पाकिटात तपासणीचं स्टिकर असेल, त्याचा फोटो पाठवा."

पाकिटात पिवळं गोल स्टिकर होतं. त्यावर नुसता आकडा, १४. पहिल्या पीसचं रिकामं पाकीट पलंगाखाली होतं. त्यातही १४.

"बघ मम्मी! दोन्ही वेळेला हाच. चौदा नंबर. आंधळाय का हा माणूस?"

केसरबाईंनी स्टिकर हातात घेतलं. अंगठ्यानं चोळलं.

"जाऊ दे मिने. बाजूला पट्टी जोडून घेते मी. कुणाला कळणार पण नाही."

"ठिगळ लावून जाणार पोरीच्या साखरपुड्याला?"

"चुकतं एखाद्याचं."

"दोनदा? तुझ्यासारख्या गप बसतात ना, म्हणून चालतं यांचं. ज्याला काम जमत नाही त्यानं घरी बसावं!"

केसरबाईंनी स्टिकर परत पाकिटात ठेवलं. डबा भरला, पिशवी उचलली नि चिखलीला कामावर गेल्या. चार महिन्यांपासून त्या तिथं एका शेडमध्ये पॅकिंगला होत्या. कसलं पॅकिंग, ते मिनलनं कधी विचारलं नव्हतं. या भागात पॅकिंग म्हणजे गाड्यांचे पार्टच.

मिनलनं व्हिडिओ काढून नेटवर टाकला. फाटलेली बगल, टेप, लेबल, आणि सगळ्यात शेवटी पिवळं स्टिकर, मोठं करून. "हे चौदा नंबरवाले साहेब. यांना टेप धरायला शिकवा रे कुणीतरी."

दुसऱ्या दिवशी तो सगळीकडं फिरत होता. व्हिडिओखाली बायकांनी आपापली रडगाणी लिहिली होती. कुणी लिहिलं, टीव्हीत रेशीम, हातात गोणपाट. कुणी लिहिलं, माझा गाऊन सासूबाई आणि मी मिळून घालू शकतो. मिनल एकेक कमेंट मोठ्यानं वाचून दाखवत होती. केसरबाई तांदूळ निवडत होत्या. डोळे ताटाजवळ नेऊन.

"काढून टाक तो व्हिडिओ," त्या म्हणाल्या.

"का म्हणून?"

"घरात कार्य आहे. कुणाचे तळतळाट नकोत."

"तळतळाट आपण द्यायचे, मम्मी. आपण फसलोय."

केसरबाई पुन्हा ताटावर वाकल्या.

शनिवारी सकाळी नवीन पार्सल आलं. बरोबर माफीची चिठ्ठी आणि एक ओढणी फुकट. बारा वाजता कंपनीचा मेसेज आला. मिनल तो वाचून नाचतच होती, तेवढ्यात केसरबाई दारात.

"लवकर आलीस?"

"सोडलं लवकर."

"भारी झालं! संध्याकाळी मेंदी काढू. आधी हे ऐक." मिनलनं मोबाईल समोर धरून वाचलं, "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. संबंधित तपासनीस कामगाराला कामावरून कमी करण्यात आलं आहे. बघितलंस? बोलल्याशिवाय काही होत नाही."

"हं," केसरबाई म्हणाल्या. "घालून बघू का ड्रेस?"

ड्रेस बसला. खांद्यात, छातीत, बरोबर. मिनलनं ओढणी लावून दिली नि चार पावलं मागं जाऊन बघितलं. विरलेल्या साडीतली मम्मी कुठल्या कुठं गेली होती.

"आत्या बघतच राहील उद्या!"

केसरबाई आरशाजवळ गेल्या, अगदी जवळ. गळ्यावरून, बाह्यांवरून, शिवणीवरून हळूहळू बोटं फिरवली.

"आता मापात आहे," त्या म्हणाल्या.

"थांब, फोटो काढते. त्याआधी डबा टाकते घासायला."

मिनलनं मम्मीची पिशवी उघडली. डबा हाताला जड लागला, तसाच भरलेला. त्याच्याखाली गुंडाळलेली टेप होती, धागे कापायची बारकी कात्री होती, आणि पिवळ्या गोल स्टिकरांची अर्धी संपलेली पट्टी. सगळ्यांवर एकच आकडा, १४.