पोकळ फरशी

"मसाला कुटून कुटून तू फरशीची पार वाट लावलीस. डिपॉझिटमधले आठ हजार कापणार," स्वयंपाकघरातल्या तीन तडकलेल्या फरशा दाखवत घरमालक देशमाने म्हणाले.

चंद्रकलाचं सामान टेम्पोत चढलं होतं. ती खाली बसली. तिने तडकलेल्या फरशीवर बोटाने टकटक केली, मग शेजारच्या धड फरशीवर.

"ऐका काका. ही पोकळ वाजते, ती भरीव. बसवताना हिच्याखाली सिमेंटचा माल नीट भरलाच नाही. अशी फरशी नुसत्या चालण्यानेही तडकते."

"तुला गं काय कळतं त्यातलं?"

"बारा वर्षं फरशीच बसवतेय मी."

"कधी बोलली नाहीस ते!"

"तुम्ही विचारलंच नाहीत. घर देताना नवरा काय करतो, तेवढंच विचारलंत."

देशमान्यांनी स्वतः वाकून दोन्ही फरशा वाजवून पाहिल्या. मग डिपॉझिटचे सगळे वीस हजार तिच्या हातावर ठेवले. ती दाराबाहेर पडताना ते चाचरत म्हणाले, "इथली नवी फरशी... तुम्ही बसवून द्याल?"

पाच वर्षांत त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच 'तुम्ही' आलं होतं.

"सध्या हातात दोन कामं आहेत," चंद्रकला ताठ मानेने म्हणाली. "ती उरकली की बघते."