पंचावन्नच्या आत

"आधी ही घड्याळं बंद करा," आवाज मोजायला आलेल्या बाईंनी फर्मावलं. "माझं यंत्र टिकटिकसुद्धा धरतं."

घड्याळवाले काका टुणकन उठले. अकराच्या अकरा लंबक त्यांनी स्वतःच्या हातांनी थांबवले, तेही घरात लग्न असल्यासारखे हसत! का नाही हसणार? सात अर्ज केले, तीन महिने हेलपाटे घातले, तेव्हा कुठे आज हे यंत्र घरात आलं होतं. भिंतीपलीकडची पिपाणी, म्हणजे शेजारची ट्रम्पेट शिकणारी पोर, रोज पाचला तीच एक धून घेऊन बसायची. आणि वरच्या सुरापाशी आली की फुस्स! रोज तिथेच. काकांच्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

बाईंनी नियम सांगितला. तक्रार करणाऱ्याच्याच खोलीत मोजायचं, दहा मिनिटं, कुणी ब्र काढायचा नाही. दिवसा मर्यादा पंचावन्न डेसिबल. ट्रम्पेट त्यावर गेलं, तर घरात वाजवणं बंद.

"अहो, सोमवारी तिची बँडची निवड आहे," काकू कळवळल्या. "घरी नाही तर कुठे वाजवेल बिचारी?"

"कायदा म्हणजे कायदा!" काकांनी हात चोळले.

बाईंच्या मनगटावर पाच वाजले आणि पलीकडे धून सुरू झाली. अठ्ठेचाळीस. एकावन्न. काका यंत्राला नाक लावून बसले. त्रेपन्न! चढ, चढ लेका! चोपन्न!

आता तो सूर येणार होता. काकांची नजर आकड्यावरून कधी सुटली, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. ते भिंतीकडे बघायला लागले. घाई नको करूस बये, आधी श्वास घे, त्यांचे ओठ आवाज न करता हलत होते. सुराबरोबर त्यांचा हातही वर निघाला. काकूंनी डोळे गच्च मिटले.

सूर चढला. फुस्स झालाच नाही! सरळ वर गेला आणि तिथे ठाम उभा राहिला.

"जमलं! अगं जमलं गं पोरी!" काकांनी कपाटावर धाडकन थाप मारली.

यंत्र पीं पीं करत सुटलं. पलीकडचं ट्रम्पेट दचकून थांबलं. बाईंनी शांतपणे आकडे लिहून घेतले.

"ट्रम्पेट चोपन्न, मर्यादेच्या आत. शहाऐंशी तुमचे." त्यांनी पेन रोखलं. "आता नोटीस कुणाच्या नावाने काढू?"

काकूंना हसू आवरेना. तेवढ्यात भिंतीपलीकडून भीत भीत आवाज आला, "काका, चुकून जमलं असेल हो. परत वाजवून बघू?"

उत्तराची वाट न बघताच धून सुरू झाली.

"म्हणजे तुमची तक्रार आता..." बाई पुढे काही विचारणार, तोच काकांनी ओठांवर बोट ठेवलं.

"शू! जरा गप्प बसा हो बाई. तो सूर यायचाय."